मावशीचे मशीन पुन्हा चालू झाले

निरगुडसरला मावशीच्या ओसरीत एक पायमशीन कित्येक वर्षे झाकून पडले होते. वर कांद्याच्या रिकाम्या गोण्या, खाली कोंबड्यांचे खुराडे. घरात जागा नाही म्हणून थोरल्या नातवाने मंचरहून भंगारवाला बोलावला. त्याने लोखंडी पाय तेवढे तोलून बघितले आणि किलोचा भाव सांगितला. त्याच रात्री मावशीचा मला फोन आला.

"तू जुनी मशिनं गोळा करतोस ना? मग हे घेऊन जा. किलोवर नको जायला."

माझ्याकडे अशी पाच मशिने आहेत. कुणी टाकून दिलेली, कुणी भंगारात घातलेली. कंपनीतून सुटलो की एखादे उघडून बसतो. शोभेसाठी जुने मशीन मांडून ठेवण्याची हौस मोठ्या शहरांत आहे. लंडनच्या एका कपड्याच्या दुकानवाल्याने काचेमागे ओळीने शेकडो जुनी मशिने रचली आहेत. मला ते पटत नाही. मशीन चालले पाहिजे. म्हणून मावशीला म्हणालो, "नेत नाही. तिथेच येऊन दुरुस्त करतो."

मावशीचे लग्न १९६६ सालचे. काका मुंबईला गिरणीत. जुन्नर-आंबेगावची किती घरे त्या काळी मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत, हे वाचकांना सांगायला नको. काकांनी हे सिंगर चोरबाजारातून जुनेच घेतले आणि एस.टी.च्या टपावर टाकून गावी आणले.

त्यापूर्वी आपल्या लोकांनी कपडे शिवायचे म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते. कित्येक खेड्यांत शिंपी आपल्या माणसाच्या अंगाला टेप लावत नसे. लांबूनच अंदाज घेई, नाही तर जुना सदरा ओट्यावर टाकायला सांगे. मावशी शिवू लागली तेव्हा बौद्धवाड्यातल्या पोरींना अंगाबरोबर बसणारे पोलके मिळाले. पुढे गावातल्या बायकाही येऊ लागल्या. आधी कापड उंबऱ्याबाहेर ठेवून जात, मग ओसरीत टेकू लागल्या, लग्नसराईत चहासुद्धा घेऊ लागल्या. ब्लाऊज दोन दिवसांत हवा असला की माणसे बरेच काही विसरतात!

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. काका गावी आले ते कायमचेच. त्यानंतरची सात-आठ वर्षे हे घर मशीनवर चालले. शाळेचे गणवेश, परकर, साडीला फॉल, रात्री कंदिलापुढे गोधड्या. दोन मुलांची दहावी आणि एका मुलीचे लग्न त्यातून झाले. आजही घरी पाहुणा आला की नातवंडे सांगतात, "आमचे आजोबा गिरणीत होते." आजी काय करत होती, हे कुणी सांगत नाही. मशीन भंगारात गेले असते, तर सांगायला निमित्तही उरले नसते.

मी गेलो तेव्हा मशीनचे दोन स्क्रू आधीच ओरबाडलेले दिसले. नातवाला विचारले, तर तो लाजला. जुन्या सिंगरमध्ये लाखो रुपयांचा 'लाल पारा' असतो, असे कुणीतरी त्याला मोबाईलवर पाठवले होते. ही अफवा जुनी आहे. एप्रिल २००९ मध्ये सौदी अरेबियात तिने कहर केला. लोक सुईजवळ मोबाईल धरून पारा 'तपासत' होते आणि मोडक्या मशीनला लाखाच्या घरात रियाल मागत होते. शेवटी सरकारला सांगावे लागले की हे सगळे थोतांड आहे. बाबासाहेबांच्या घरातल्या मुलाने तरी आधी विचारायला हवे होते, शिवणयंत्रात पारा कशाला लागेल? त्यात असते ते लोखंड, पोलाद आणि तेल.

बैठकीवर उजव्या हाताला नंबर ठोकलेला असतो. त्यावरून कारखाना आणि साल काढता येते. मावशीच्या मशीनचा नंबर 'वाय' अक्षराने सुरू होतो. म्हणजे ते स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या क्लाइडबँक कारखान्यात, १९२० नंतरच्या दीड दशकात बनलेले. हा कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. मार्च १९११ मध्ये तिथे लाकडाला पॉलिश करणाऱ्या बारा बायकांवर जादा काम लादले गेले. त्यांनी हात थांबवले आणि बघता बघता दहा हजारांवर कामगार बाहेर पडले. संप फसला, शेकडो जणांना कामावरून काढले.

मावशीने टेबलाच्या फळीवरून हात फिरवला. "मग त्या बायांचं पुढं काय झालं?" गिरणीवाल्याच्या बायकोला हाच प्रश्न पडणार.

मशीन जाम झाले होते ते गोडेतेलामुळे. ओढगस्तीच्या दिवसांत मशीनचे तेल परवडत नव्हते, म्हणून मावशीने फोडणीचेच दोन थेंब घातले. गोडेतेल कालांतराने वाळून डिंकासारखे चिकटते. अशा वेळी हातोडी चालवू नये, चाकाला लोंबकळू नये. रॉकेल मिळाले तर ते, नाही तर डिझेल, तेलाच्या प्रत्येक भोकात थेंब थेंब सोडायचे आणि रात्रभर थांबायचे. सकाळी चाक बोटभर हलले. पुन्हा थेंब, पुन्हा थोडे मागे-पुढे. दुपारपर्यंत पूर्ण फेरा झाला. दातांवरची पत्री काढली तर खाली दाबून बसलेले सूत आणि धूळ वाटीभर निघाली. त्यात गणवेशाचे खाकी धागेही होते. सगळे पुसून मग खरे मशीन तेल घातले. काळ्या अंगावरच्या सोनेरी नक्षीला मात्र डिझेल किंवा स्पिरिट लावू नका, नक्षी निघून येते. मशीन तेलात बुडवलेला कापूस हलक्या हाताने फिरवावा, बस्स.

धाग्याचा ताण धरणाऱ्या दोन चकत्यांमध्ये मळ बसला की टाका सैल पडतो. तिथून सुती पट्टी ओढून घ्यावी. चामड्याचा पट्टा नवा घेतला. सुई आजच्या दुकानातली चालते. या जुन्या जातीत शटल होडीसारखे आणि बॉबिन लांबट असते, ते मात्र शोधावे लागले. बाकी आतला एकही दाता बदलावा लागला नाही. आत प्लॅस्टिक नसल्याचा हा फायदा.

पहिले शिवण काय घालायचे? विहारावरचा पंचरंगी ध्वज फाटला होता. योगायोग असा की हा ध्वजही १८८५ सालचाच, कोलंबोत तयार झालेला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे आणि सहाव्या पट्ट्यात पाचही रंगांचे लहान तुकडे एकाखाली एक. हे जोडकाम किचकट. विनयपिटकाच्या महावग्गात आहे की मगधातली बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी आनंदांना विचारले, असे तुकड्या-तुकड्यांचे चीवर करता येईल का? आनंदांनी ते कापून, जोडून दाखवले. मावशीला ही गोष्ट ठाऊक होती.

पाच पट्टे तिने तासाभरात जोडले. पाय अजून तालात पडत होता. सहाव्या पट्ट्याला दोरा तुटला. नजर आता साथ देत नाही. तिने नातवाला हाक मारली, "ए, त्यो मोबाईल ठेव खाली. सुई ओवून दे."