घामाची नळी

वैशाखात आम्ही मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून जातो. पाट्या वाहणाऱ्यांच्या सदऱ्यांवर पांढरे डाग दिसतात. हे डाग कसले? घामातल्या मिठाचे!

आपल्या कातडीत २० लाखांहून जास्त घामाच्या ग्रंथी आहेत. ग्रंथी म्हणजे खोल बसलेले नळीचे वेटोळे. तिथे खारट पाणी बनते आणि बारीक नळीतून वर येते. ही नळी सूक्ष्मदर्शक यंत्रातूनच दिसते. तिच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात. अगदी वरच्या कातडीत ती वेलीसारखी पीळ घेत जाते. माकडालाही अशाच नळ्या असतात, पण माणसाच्या अंगावर त्या फार दाट.

ही नळी मोठी काटकसरी. वाटेतच ती पुष्कळसे मीठ परत शरीरात ओढून घेते. पण घाम भराभर वाहू लागला, की तिला सवड मिळत नाही. मीठ बाहेर जाते. पायांत गोळे येतात, भोवळ येते.

म्हणून उन्हात राबताना पाणी पीत राहा. मीठ घातलेले ताक घ्या. रक्तदाब असेल तर मिठाचे डॉक्टरांना विचारा. अंग तापून कोणी बरळू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी घाला आणि लगेच दवाखाना गाठा. उशीर केला तर जीव जातो.