गालाच्या अस्तराचा तळ

‘खर्रा सोडून इतकी वर्षं झाली, मग आता कसा झाला?’ तोंडाच्या कर्करोगाचं निदान ऐकल्यावर हा प्रश्न रुग्ण विचारतो आणि त्याच्याहून आधी त्याची बायको विचारते. वणीपासून उमरखेडपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कुठेही जा, पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा केला जात असतो. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू खातात. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे घराघरातला आहे. त्याचं उत्तर गालाच्या आतल्या अस्तराच्या सगळ्यात खालच्या थरात आहे.

हे अस्तर पेशींच्या अनेक थरांचं असतं. वरच्या थरातल्या पेशी झडतात, लाळेबरोबर पोटात जातात आणि खालून नव्या पेशी त्यांच्या जागी येतात. दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ सगळं अस्तर बदलतं. जेवताना गाल चावला गेला तर जखम लवकर भरते ती यामुळेच. एवढ्यावरच गोष्ट संपली असती, तर खर्रा सोडल्यावर महिन्याभरात गाल कोरा झाला असता.

पण नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळपेशी तळाच्या थरात बसून असतात. मूळपेशी दुभंगली की साधारणपणे एक लेक वर सरकते, पक्व होते आणि झडते. दुसरी आईसारखीच मूळपेशी म्हणून तळाशी राहते. त्यामुळे वरच्या पेशीचं आयुष्य काही आठवड्यांचं असलं, तरी मूळपेशीचा वंश माणसाला जन्मभर पुरतो. कापूस पिकवणाऱ्याला हे चटकन कळेल. एका हंगामातलं पीक बिघडलं तर त्या हंगामापुरतं नुकसान होतं. पायाभूत बियाण्यातच खोट असेल तर ती दरवर्षी शेतात उगवते.

खर्रा ही खोट कशी पाडतो? तंबाखूतली नायट्रोसामाइन्स पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. चुन्यामुळे सुपारीतली रसायनं पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार करतात. तंबाखू नसली तरी सुपारी एकटीच कर्करोग करू शकते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं आहे. खर्रा तासन्‌तास एकाच गालात दाबलेला असतो. वरच्या पेशीत झालेली चूक तिच्याबरोबर झडून जाते. मूळपेशीत झालेली चूक तिच्या प्रत्येक लेकीत उतरते. एका चुकीने कर्करोग होत नाही, त्याला अनेक चुका साठाव्या लागतात, आणि इतक्या चुका साठवण्याएवढं दीर्घ आयुष्य मूळपेशीलाच असतं. त्यात बिघडलेल्या पेशीला थांबवणारं पी-५३ हे जनुकच निकामी झालं, तर पुढच्या चुकांना अडवणारं फारसं कोणी उरत नाही.

१९५३ मध्ये शिकागोच्या स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाचे ७८३ रुग्ण अभ्यासले. गाठीभोवतीचं निरोगी दिसणारं अस्तरही सूक्ष्मदर्शकाखाली बदललेलं होतं. आज त्याचा अर्थ अधिक नीट लागतो. बिघडलेल्या एका मूळपेशीची संतती शेजारच्या मूळपेशींना हटवत पसरते. गाल बाहेरून गुलाबीच दिसतो, पण त्याचा एक तुकडा सदोष वंशाचा झालेला असतो. खर्रा सुटल्यावरही हा तुकडा तिथे राहू शकतो, आणि त्यात पुढची चूक वर्षांनी घडू शकते. म्हणून सोडणं व्यर्थ, असं मात्र कोणीही समजू नये. सोडल्याने नवे घाव थांबतात, धोका वर्षागणिक उतरतो. आधी सोडणाऱ्याच्या तळाशी कमी चुका साठलेल्या असतात, एवढा साधा हिशेब आहे.

गाठ झाल्यावर तिच्यातही सगळ्या पेशी सारख्या नसतात. टोरोंटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये रक्ताच्या कर्करोगात दाखवलं की थोड्याच पेशी उंदरात तो रोग नव्याने उभा करू शकतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बीजाशयाच्या कर्करोगात अशा मूळपेशींसारख्या पेशी शोधल्या. डोके-मानेच्या कर्करोगात त्या २००७ मध्ये सापडल्या. गाठीतल्या दहा टक्क्यांहून कमी पेशी, पण नवी गाठ वाढवण्याची ताकद त्यांच्यात. अशा पेशी अनेकदा संथ दुभंगतात, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणाऱ्या औषधांतून निसटतात. उपचारानंतर रोग उलटतो त्याचं हे एक कारण मानलं जातं. साधी कर्कपेशीही कधी मूळपेशीसारखी वागू लागते असं दिसल्याने अशा पेशी खरंच वेगळ्या असतात का, हा वाद अजून मिटलेला नाही.

मूळपेशींचं म्हणजे ‘स्टेम सेल’चं नाव घेऊन कोणी खर्र्याने आखडलेलं तोंड उघडून देण्याचं इंजेक्शन विकत असेल, तर सावध राहावं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचं प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. बाकीचे प्रयोग मंजूर चाचणीतच व्हावेत. ते प्रत्यारोपण मात्र खरोखर जीव वाचवतं. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतात त्याची सुरुवात केली. आपल्याकडच्या पोडांवर आणि गुड्यांवर दिसणारा सिकलसेलही त्याने बरा होऊ शकतो.

गालाचं अस्तर दोन-तीन आठवड्यांत बदलतं, हे लक्षात ठेवलं की एक गोष्ट आपोआप कळते. तीन आठवड्यांनंतरही न भरलेली जखम म्हणजे तळातून येणारा माल ठीक नाही, अशी शंका घ्यायची. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट सहन न होणं, उभी तीन बोटं तोंडात न मावणं, हेही तसंच. बहुतेक पांढऱ्या चट्ट्यांचा कर्करोग होत नाही, पण कोणत्या चट्ट्याचा होईल हे नुसतं बघून ठरवता येत नाही. त्यासाठी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा दंतवैद्याकडे जाऊन तपासून घ्यावं आणि गरज पडल्यास तुकडा काढू द्यावा. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती मनातून काढून टाकावी. अस्तराच्या तळाखाली एक पातळ पडदा असतो, आणि बिघडलेल्या पेशींनी तो ओलांडला आहे की नाही, हे तपासणारा डॉक्टर त्या तुकड्यात पाहतो. ओलांडला नसेल, तर चट्टा काढून नियमित तपासणी ठेवली की बहुतेकांचं काम भागतं.