तीर्थयात्रेत कॅमेऱ्याचे ओझे किती?

नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगी सिद्धक्षेत्राच्या पायऱ्या चढताना खांद्यावरील ओझ्याची जाणीव पावलोपावली होते. म्हणूनच अपरिग्रहाचे तत्त्व कॅमेऱ्याच्या पिशवीलाही लागू करावे. एक हलका मिररलेस कॅमेरा व त्यासोबत मिळणारी १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स पुरेशी असते. १८ वर डोंगररांगा आणि भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती चौकटीत सामावते. ५५ वर सहयात्रेकरूंचे चेहरे टिपता येतात. हीच लेन्स घरच्या नित्याच्या छायाचित्रांनाही उपयोगी पडते. ट्रायपॉड घरीच ठेवावा, जादा बॅटरी मात्र अवश्य घ्यावी. पट्टा चामड्याचा नसावा, कापडी असावा. मंदिरात छायाचित्रणास अनुमती आहे का, हे आधी विचारावे. साधने मोजकी असली, म्हणजे शिखरावर पोहोचल्यावर हात जोडण्यास मोकळे राहतात.