कोजागरीची अक्षक्रीडा आणि मोबाईलवरील लुडो

आश्विन शुद्ध पौर्णिमेस लक्ष्मी व इंद्र यांचे पूजन, रात्रौ जागरण आणि अक्षक्रीडा अशी तिहेरी योजना आमच्या निबंधकारांनी सांगितली आहे. पंढरपूरनिवासी काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' सिद्ध केला. शास्त्रीबोवांचे घराणे मूळ आपल्या कोकणातील गोळवलीचे. त्यांच्या ग्रंथातही कोजागर व्रताच्या प्रकरणी हा फाशांचा खेळ येतो. पूजन आपण करतो, आटीव दुधाचा नैवेद्यही दाखवितो; अक्षक्रीडेचे मात्र बहुतेक घरांतून विस्मरण झाले आहे. आणि ज्या घरांत काही खेळले जाते तेथे सारीपाटाच्या जागी मोबाईल आला आहे. तेव्हा आजकालची मुले आम्हांस कीर्तनानंतर विचारतात, "बुवा, मोबाईलवर लुडो खेळलो तर व्रत सांग होईल काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

हा जो लुडो घरोघर पोहोचला आहे तो 'लुडो किंग' या नावाचा. नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने २०१६ साली तो प्रसिद्ध केला. विकास जयस्वाल हे तिचे संस्थापक. २०२० च्या टाळेबंदीत त्याचा प्रसार अफाट झाला. त्याचे कारण आम्ही आमच्या मिठबावातच पाहिले. गजबादेवीच्या वाटेवर अशी कितीतरी घरे आहेत की जेथे एक म्हातारी आणि एक दिवा एवढेच उरले आहे. मुलगा डोंबिवलीस, धाकटा आखातात, लेक पुण्यास. त्या वर्षी चाकरमान्यांची वाट बंद झाली. आमच्या शेजारच्या आजी, ज्यांनी हयातीत फोनवर "बरा आसा मां?" याखेरीज चौथा शब्द उच्चारला नव्हता, त्या पडवीत बसून तीन गावच्या नातवंडांशी लुडो खेळू लागल्या. पलीकडून नातीचा आवाज यावा, "गो आजये, तुझी सोंगटी मारलंय!" आणि आजींनी तिला मालवणीत चार शेलके शब्द ऐकवावेत. त्या घरात इतका बोलका आवाज आम्ही वर्षानुवर्षे ऐकला नव्हता.

या खेळाची वंशावळ वाचकांनी ध्यानी घ्यावी. लुडो हा परका नव्हे. आपल्या पचिशीचा पट इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेस नेऊन, कवड्यांच्या जागी एक ठोकळा ठेवून त्याचे सुलभीकरण केले. तोच हा विलायतेहून परतलेला नातू. आजोबांची थोरवी पाहावयाची तर वेरुळास जावे. तेथील रामेश्वर म्हणजे एकविसाव्या लेण्यात शिवपार्वती फासे खेळत बसलेली कोरली आहेत. हाच प्रसंग बलिप्रतिपदेच्या कथेतही येतो. त्या दिवशी पार्वतीने शंकरास जिंकले, म्हणून ती द्यूतप्रतिपदा झाली आणि प्रातःकाळच्या डावावरून वर्षाचा शुभाशुभ योग पाहण्याचा परिपाठ पडला.

आता नातू आजोबांच्या तुलनेत कसा उतरतो ते पाहू. सारीपाटात चार रंग, सोळा सोंगट्या, आणि समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. या एका नियमात खेळाचे सारे मर्म आहे. स्वतःच्या चारही सोंगट्या पिकल्या तरी डाव संपत नाही, भिडूच्या पिकेपर्यंत जीव खालीवर होत राहतो. दोन सोंगट्यांचे जुग बांधावे, ते केव्हा फोडावे, भिडूसाठी आपली सोंगटी संकटात घालावी काय, हा विचार सासूसुनांना एका बाजूस बसवून करावयास लावणारा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाही. लुडोत मूळचा नियम 'ज्याचा तो' असा आहे. पुढे मोबाईलच्या खेळांतून जोडीने खेळण्याची सोय झाली खरी, परंतु तिकडे फारसे कोणी वळत नाही. शिवाय कवड्या हातात खुळखुळवून दान टाकण्यात जी रंगत, ती काचेवर बोट टेकविण्यात कोठून येणार?

सावंतवाडीचा गंजिफा हा तर आमच्या जिल्ह्याचा मानकरी. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, मिळून १२० गोल पाने. दिवसा रामाचा रंग ज्याकडे असेल त्याने आरंभ करावयाचा, रात्री कृष्णाचा. खेळता खेळता अवतारांची नावे मुखी येतात हा त्याचा विशेष. राजेसाहेब शिवरामराजे व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना आश्रय देऊन ही मरणपंथास लागलेली कला जगविली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण खरे सांगावयाचे तर गंजिफा कठीण. काही रंगांत दश्शी वरचढ, काहींत एक्का. पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात. आणि बहुधा तिघांचाच डाव, म्हणजे चौथ्याने बघत बसावे. सात वर्षांचे पोर आणि सत्तर वर्षांची आजी एका डावात बसतील असा तो खेळ नव्हे. येथे लुडो त्यास सहज मागे टाकतो.

मोक्षपटाविषयी एवढेच सांगतो की परंपरा त्याचे श्रेय ज्ञानदेवांस देते. त्यातील शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. लुडो किंगमध्ये सापशिडीही आहे, परंतु तेथे एकपासून शंभरपर्यंत नुसते आकडे. साप का गिळतो हे मुलास कळत नाही.

मोबाईलवरील इतर प्रतिस्पर्धी म्हणजे बंगळुरूचे 'लुडो स्टार' व 'लुडो क्लब'. खेळ तोच, रंगरूप निराळे. लुडो स्टारमध्ये रत्ने खर्चून पडलेले दान परत फिरविता येते. हे वाचून आम्ही चकित झालो. दान पडले ते पडले, यावरच तर अक्षक्रीडा उभी आहे! युधिष्ठिरास ही सोय असती तर व्यासांना पुढील पर्वे लिहावी लागली नसती. या सर्व खेळांत अनोळखी लोकांशी खेळताना नाणी पणास लावावी लागतात. ती नाणी खोटी, पण संपली की खऱ्या पैशाने विकत मिळतात. मुलाच्या हाती फोन देणाऱ्या आईबापांनी हे दार ओळखून ठेवावे. घरच्या माणसांनी संकेतांक देऊन उघडलेल्या खोलीत, अथवा एकच फोन हातोहात फिरवून खेळावे, म्हणजे त्या बाजारात जावेच लागत नाही.

कारण खरा धोका पणाचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात बेहड्याच्या फळांनी खेळणारा, घरदार गमावलेला जुगारी विलाप करतो. ते बेहड्याचे झाड आजही आपल्या रानात उभे आहे. मनूने द्यूत सर्वथा निषिद्ध केले. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेण्यास सांगितले. हाच वाद २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला. पैसे लावून खेळला जाणारा लुडो हा कौशल्याचा की नशिबाचा, असा तेथे प्रश्न होता. नळाने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून गमावलेले राज्य परत जिंकले, तेव्हा कौशल्य मुळीच नाही असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु अक्षहृदय शिकण्यापूर्वी त्याने सर्वस्व गमावले होते, हेही विसरता येत नाही. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले. निव्वळ करमणुकीच्या खेळांस त्याने हात लावलेला नाही.

तेव्हा मुलांना आमचे उत्तर असे. व्रतातील अक्षक्रीडा जागरणासाठी आहे, द्रव्यासाठी नव्हे. पण न लावता, घरच्या माणसांशी खेळलेला लुडो आम्ही अग्राह्य मानीत नाही. जे जवळ आहेत त्यांनी मात्र पट मांडावा. चार हात कापडावर खडूने घरे आखली तरी चालते, फुल्या नीट काढाव्या, कवड्या आपल्या किनाऱ्यावर न मिळाल्या तर चिंचोके फोडून घ्यावे. दूध चंद्रप्रकाशात ठेवल्यापासून नैवेद्यापर्यंत एक डाव पुरा होतो. फोन त्यानंतर उघडावा. त्या वेळेपर्यंत मुंबईची मंडळीही कामावरून परतलेली असतात.