कालव्याच्या काठाने सायकल

सदाशिव पेठेतून सायकलीवर निघालेल्या माणसास पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचण्यास फारतर दहा मिनिटे लागतात. आणि तेथे, टेकडीच्या उतारास बिलगून, घरांच्या मागील भिंतींमधून वाट काढीत जो पाण्याचा प्रवाह पूर्वेकडे जाताना दिसतो, तो मुठेचा उजवा कालवा होय. स्वारगेटच्या गर्दीत या कालव्यावरील पूल रोज असंख्य माणसे ओलांडतात. परंतु खडकवासल्याहून निघालेले हेच पाणी पुढे हडपसर, उरुळी, यवत असा मुलूख भिजवीत इंदापूर तालुक्यापर्यंत सुमारे 200 किलोमीटर जाते, आणि शहराबाहेर पडल्यावर त्याच्या काठाने एक कच्चा रस्ता त्याची सोबत करतो, याची जाणीव त्यांपैकी फारच थोड्यांना असेल. त्या रस्त्याविषयी, आणि तशा रस्त्यावरून सावकाश सायकल चालविण्यात जे सुख आहे त्याविषयी, येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

दूरचे पाणी शहरात खेळविण्याची कला पुण्यास नवी नाही. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने आणून शहरातले हौद भरले. ज्या सदाशिवराव भाऊंचे नाव आमच्या पेठेस लाभले, त्यांच्या हयातीतलीच ही गोष्ट. परंतु तो नळ जमिनीखालून येई. उघड्या आकाशाखाली वाहणारा, ज्याच्या काठाने माणसास चालता येईल, असा पाण्याचा मार्ग पुण्याला मिळाला तो इंग्रजी अंमलात. फाइफ नावाच्या लष्करी अभियंत्याच्या योजनेनुसार खडकवासल्याचे दगडी धरण 1879 साली पुरे झाले, आणि त्यामागच्या जलाशयास त्याचेच नाव मिळाले. पुणे शहरास व लष्कराच्या छावण्यांस पाणी पुरविणे हा एक हेतू, आणि पूर्वेकडील अवर्षणाच्या गावांस आधार देणे हा दुसरा. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाची झोड उठत असताना तेथून पन्नास-साठ मैलांवरच्या दौंडच्या माळावर मात्र शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, हे या जिल्ह्याचे जुने दुखणे आहे, आणि कालवा हा त्यावरचा उपाय आहे. 12 जुलै 1961 रोजी वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटून त्याच्या पाण्याने खडकवासल्याची भिंत फोडली तेव्हा, ज्या धरणामुळे आपण पाणी पितो त्याचे दुसरे रूपही पुण्याने पाहिले. पुढे ते धरण दुरुस्त झाले आणि कालवा पुन्हा वाहू लागला.

सायकलस्वाराच्या दृष्टीने नदी आणि कालवा यांत एक मोठा भेद आहे, आणि तो ध्यानात आल्यावाचून या विहाराचे मर्म कळावयाचे नाही. नदी ही भूमीच्या सर्वांत खोल रेषेने धावते, आणि तिच्या काठाने जाणाऱ्यास प्रत्येक ओढ्यापाशी उतरावे व पुन्हा चढावे लागते. कालवा खोदणाऱ्याचा सारा प्रयत्न याच्या उलट असतो. धरणापाशी मिळालेली उंची शक्य तितक्या दूरवर राखावयाची, म्हणजे खालची अधिकाधिक जमीन भिजेल, हे त्याचे धोरण. म्हणून तो टेकडीच्या कमरेभोवती समपातळीत वळसा घेतो, दरी आली तर माघारी फिरून तिच्या उगमाकडून जातो, आणि ओढा आडवा आलाच तर मोरी किंवा जलसेतू बांधून त्याच्या डोक्यावरून पलीकडे निघतो. उतार असतो तो पाणी कसेबसे सरकावे इतकाच. यामुळे वाट लांबते खरी. परंतु चढ म्हणून येत नाही. कात्रजच्या घाटात किंवा सिंहगडाच्या वाटेवर ज्यांचा श्वास फुलतो, त्या साठीच्या गृहस्थास आणि शाळकरी मुलीसही कालव्याचा काठ सारख्याच औदार्याने वागवितो.

या औदार्याचा उपयोग फ्रान्स देशाने ज्या रीतीने करून घेतला आहे, ती पाहण्याजोगी आहे. तेथील कालवे शेतीसाठी नव्हेत, मुख्यतः मालाच्या होड्यांसाठी खोदलेले. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा 240 किलोमीटरांचा कनाल द्यु मिदी हा त्यांतील सर्वांत विख्यात. मिठावरील कराच्या वसुलीचा मक्ता ज्याच्याकडे होता त्या प्येर-पॉल रिके याने 1666 मध्ये हे काम हाती घेतले, आपली संपत्ती त्यात ओतली, आणि 1681 मध्ये कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी तो निवर्तला. दोन समुद्रांकडे उतरणाऱ्या पाण्याच्या मधल्या उंचवट्यावर कालव्यास पाणी कमी पडू नये म्हणून त्याने डोंगरातले ओढे वळवून धरणही बांधविले. खडकवासल्याच्या शेजाऱ्यांना ही हिकमत परकी वाटणार नाही. ब्रिटनीतील नांत ते ब्रेस्त हा 364 किलोमीटरांचा कालवा तर नेपोलियनच्या काळात, इंग्रजी आरमाराने समुद्रमार्ग अडविल्यामुळे, आतल्या आत मालाची ने-आण व्हावी म्हणून 1811 मध्ये सुरू झाला आणि 1842 मध्ये पूर्णत्वास गेला.

या होड्या काठावरून चालणारे घोडे दोराने ओढीत. घोड्याच्या पायांसाठी सपाट वाट लागे, आणि ती पाण्याला अखंड चिकटून असे. पुढे आगगाड्या आल्या, मग मोटारी आल्या, मालाची वाहतूक ओसरली, आणि या वाटा ओस पडल्या. त्या विकून टाकण्याऐवजी किंवा मोटारींस देण्याऐवजी फ्रेंचांनी त्यांपैकी कितीतरी वाटा पादचाऱ्यांस व सायकलस्वारांस मोकळ्या करून दिल्या. आज तेथे कुटुंबेच्या कुटुंबे सायकलीच्या मागे पिशव्या लटकावून निघतात, दिवसाकाठी चाळीस-पन्नास किलोमीटर जातात, पाण्याच्या दरवाजांपाशी होडी वर चढताना पाहत बसतात, गावातल्या बेकरीत पाव घेतात आणि रात्री तिथेच कुठे मुक्काम करतात. लोआर नदीच्या खोऱ्यात तर असा सुमारे 900 किलोमीटरांचा सायकलमार्ग सलग आखलेला आहे. सारेच काही गुळगुळीत आहे असे नव्हे; कनाल द्यु मिदीची वाट तुलूझनजीक डांबरी असली, तरी पुढे ती कच्ची आणि झाडांच्या मुळांनी उंचसखल झालेली आहे, आणि काठावरील चिनार जातीचे हजारो वृक्ष बुरशीच्या रोगाने तोडावे लागत आहेत. तरीही लोक जातात, कारण पाण्याशेजारून, धक्काबुक्कीविना, आपल्या गतीने जाण्याचे सुख त्यांना ठाऊक झाले आहे.

आता आपल्या कालव्याकडे वळू. हडपसर मागे पडून शहराचा कोलाहल विरला की उजव्या कालव्याचा खरा स्वभाव दिसू लागतो. पूर्वेस तोंड करून जाणाऱ्याच्या डाव्या हातास, नदीच्या बाजूला, ऊस, कांदा आणि भाजीपाल्याचे हिरवे पट्टे. उजव्या हातास, कालव्याच्या वरच्या अंगास, जिरायत माळ आणि बाभळी. उपशाच्या योजनांनी ही रेघ अलीकडे काहीशी पुसली असली, तरी बागायत आणि जिरायत यांमधील अंतर एका दृष्टिक्षेपात जितके येथे उमगते तितके महसुली दफ्तरातील आकड्यांवरून उमगणार नाही. आवर्तन सुरू असले म्हणजे काठोकाठ पाणी, पाटकऱ्यांची लगबग, फाट्यावर दारे धरण्यासाठी आलेले शेतकरी. तारेवर निश्चल बसलेला खंड्या, चारीच्या तोंडाशी बगळे. वाट थोडी सोडण्याची तयारी असेल तर नदीच्या वळणात थेऊरचा चिंतामणी आहे, जेथे थोरल्या माधवरावांनी 1772 मध्ये देह ठेवला. कवडीपाटाला जुन्या बंधाऱ्यापाशी हिवाळी पाखरे पाहावयास मिळतात, जरी तेथील पाण्याची शहराने केलेली दशा पाहून मन विषण्ण झाल्यावाचून राहत नाही. आणि उरुळीकांचनला महात्मा गांधींच्या प्रेरणेने 1946 मध्ये सुरू झालेला निसर्गोपचार आश्रम आहे. यवत-केडगावच्या बाजूस हंगामात गुऱ्हाळे पेटलेली असतात, आणि ताज्या काकवीचा वाडगा हातात घेऊन बांधावर बसणे हे कोणत्याही परदेशी बेकरीच्या पावापेक्षा मला अधिक श्रेयस्कर वाटते. पुणे-दौंडचा लोहमार्ग आणि सोलापूरचा रस्ता फारसे दूर जात नाहीत, त्यामुळे अडचण आलीच तर माणसाची मदत मिळते.

जाणाऱ्याने कार्तिक ते माघ हा काळ निवडावा. पावसाळ्यात काठाची माती निसरडी होते आणि वैशाखात सावली मिळत नाही. बाभळीच्या काट्यांची गाठ पडणार हे गृहीत धरून पंक्चर काढण्याचे साहित्य आणि एक जादा ट्यूब जवळ ठेवावी, आणि टायर थोडे रुंद असावेत. कालव्यात मात्र उतरू नये. अस्तर केलेल्या तिरप्या बाजूंवरून वर चढता येत नाही, आणि शांत दिसणाऱ्या पाण्याची ओढ बलवान असते. मुलांस पाण्याच्या बाजूने चालवू नये. काठचा रस्ता पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी असल्याने तेथील सूचनाफलक पाळावेत आणि कर्मचाऱ्यास विचारून पुढे जावे. कपडे धुणाऱ्या स्त्रियांपाशी घंटी वाजवीत जाऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये.

यापुढचा भाग अधिक निकडीचा आहे. खडकवासल्याहून एक डावा कालवाही निघत असे, वारजे-कर्वेनगरावरून खडकीच्या दिशेने जाणारा. तो वापरातून गेला आणि कर्वेनगरच्या बाजूस त्याच्या जागी रस्ता झाला. ‘कॅनॉल रोड’ हे नाव तेवढे उरले, आणि त्यावरून आज मोटारी धावतात. चढ नसलेली, शहराच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाणारी ती सलग पट्टी सायकलींसाठी राखली गेली असती, तर एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यास तिच्याइतकी उपयोगी देणगी दुसरी मिळाली नसती. आता उजव्या कालव्यासंबंधी तोच प्रसंग येत आहे. 27 सप्टेंबर 2018 रोजी जनता वसाहतीपाशी कालवा फुटून दांडेकर पुलाच्या परिसरातील घरे पाण्याखाली गेली. गळती, कचरा आणि चोरी यांचाही प्रश्न आहेच. म्हणून खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी नेण्याची योजना पुढे आली आहे. पाणी भूमिगत झाले की शहराच्या मध्यातून जाणारी कालव्याची जमीन रिकामी होईल, आणि रिकाम्या सरकारी जमिनीवर पहिला हक्क मोटाररस्त्याचा व इमारतींचा सांगितला जाईल.

जलसंपदा विभागाने आणि पुणे महानगरपालिकेने ही जमीन पादचारी व सायकलस्वार यांच्या वहिवाटीसाठी आताच, बोगद्याचे काम सुरू होण्यापूर्वी, लेखी हुकमाने राखून ठेवावी. आणि फुरसुंगीच्या पुढे जेथे कालवा उघडाच राहणार आहे, तेथील काठाचा रस्ता ठराविक महिन्यांत व नियम घालून सायकलींस खुला करावा. नागरिकांनी आपापल्या नगरसेवकाकडे या मागणीचा अर्ज या हिवाळ्यापूर्वी द्यावा.