हुक आधी की आरसा आधी?

लेखमाला : छोटी यंत्रं, मोठी माणसं (भाग ५)

मागच्या आठवड्यात आपण प्रमाणांचा हिशेब मांडला. अमेरिकेतला संग्राहक १:१६ आणि १:६४ या मापांत रमतो, युरोपातला १:३२ वर ठाम असतो, हे पाहिलं. आता त्याच हिशेबातून उभा राहणारा पेच. हा छोटा ट्रॅक्टर मुलाने फरशीवर चालवायचा, की मोठ्या माणसाने काचेच्या कपाटात ठेवायचा? दोघांनाही तो हवा असतो, आणि पुष्कळदा दोघं एकाच दुकानात, एकाच फळीपुढे उभे असतात.

खेळण्यातल्या रेसिंग कारला हा त्रास कमी. ती फिरवणारं पोर खऱ्या रेसिंग कारजवळ कधी गेलेलं नसतं. शेतकऱ्याच्या पोराचं तसं नाही. ट्रॅक्टर त्याच्या अंगणात उभा असतो. सायलेन्सर कुठे आहे, ट्रॉलीची पिन कशी काढतात, लिफ्ट कोणत्या बाजूने वर येते, हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. खेळण्यात काही चुकलं तर ते त्याच क्षणी सांगतं. जगातला सगळ्यात कडक परीक्षक इथे पाच-सहा वर्षांचा असतो, आणि हा सगळा धंदा त्याच्या नजरेला उतरण्यासाठी उभा राहिला.

आयोवा राज्यातल्या डब्यूक गावी फ्रेड अर्टल यांनी १९४५ साली घराच्या तळघरात ॲल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यांत ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. पुढे ट्रॅक्टर कंपन्यांशी करार झाले, त्यांच्या मूळ आराखड्यांवरून साचे होऊ लागले, आणि माल विकायला ट्रॅक्टरच्या डीलरचाच काउंटर मिळाला. बाप सुटे भाग घ्यायला गेला की मुलासाठी त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा छोटा ट्रॅक्टर घेऊन यायचा. १९५९ साली कारखाना जवळच्या डायर्सविलला गेला. आज त्याच गावात नॅशनल फार्म टॉय म्युझियम आहे, आणि दर नोव्हेंबरात देशभरचे संग्राहक तिथे जमतात. अर्टलच्याही आधी, इलिनॉयमधल्या फ्रीपोर्टची आर्केड ही कंपनी बिडाचे ट्रॅक्टर ओतत असे. ‘ते खरे दिसतात’ हेच तिचं जाहिरातीतलं ब्रीद होतं. बिडाचा तो ओबडधोबड गोळा आजच्या नजरेला खरा वाटणार नाही, पण खरेपणा हे विकायचं मुख्य कलम आहे हे तेव्हाच ठरून गेलं होतं.

खरेपणाला पहिला अडसर खेळण्याचा येत नाही. तो धातूचाच येतो. खऱ्या बॉनेटचा पत्रा दीड मिलिमीटर जाड धरा. १:३२ मध्ये तो ०.०५ मिलिमीटरही भरत नाही, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या निम्म्याने. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम एवढं पातळ निघत नाही. भिंत एक मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. ही जाडी परत खऱ्या मापात नेली तर ट्रॅक्टरचं बॉनेट सव्वा इंच जाडीचं झालं. म्हणून कुशल कारागीर फक्त डोळ्याला दिसणारी कड तासून बारीक करतो आणि आतली जाडी तशीच ठेवतो. कपाटातला महागडा नमुनासुद्धा या अर्थाने फसवाच असतो. आपण त्याला खरा म्हणतो, कारण फसवणूक योग्य जागी केलेली असते.

वजनाचं गणित तर आणखी चमत्कारिक. चार टन वजनाचा ट्रॅक्टर १:१६ मध्ये आणला की लांबी सोळाव्या हिश्श्याची होते, पण वजन ४,०९६ व्या हिश्श्याचं, म्हणजे जेमतेम किलोभर. १:३२ मध्ये तर अवघं सव्वाशे ग्रॅम. असा हलका ट्रॅक्टर हातात घेतला की मोठा माणूस नाक मुरडतो आणि मुलाच्या हातून तो गालिच्यावर भरकटतो. त्यामुळे खाली मुद्दाम धातू भरावा लागतो. वजनाच्या बाबतीत मूल आणि संग्राहक यांचं पूर्ण एकमत आहे: दोघांनाही खऱ्यापेक्षा जड ट्रॅक्टर खरा वाटतो.

मतभेद सुरू होतात ते आरसा, हातकठडा, दिवा, सायलेन्सर आणि मागचा हुक यांच्यापाशी. आरशाची दांडी २० मिलिमीटर जाड असेल तर १:३२ मध्ये ती ०.६ मिलिमीटर होते. धातूची केली तर वाकते आणि बोटाला टोचते, कडक प्लास्टिकची केली तर पहिल्याच दिवशी मोडते. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी खेळणं विकायचं तर अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ते तीन फुटांवरून टाकून पाहतात आणि मग कुठे धारदार कड किंवा अणकुचीदार टोक उघडं पडलं का ते तपासतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नियम याहून कडक: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका नळकांड्यात पूर्ण मावेल असा सुटा भाग निघताच कामा नये, कारण तो घशात अडकू शकतो. खेळण्याच्या ट्रॅक्टरचे आरसे आणि सायलेन्सर रबरासारख्या मऊ प्लास्टिकचे आणि जरा गलेलठ्ठ का असतात, याचं उत्तर इथे आहे. खोक्यावर ‘१४ वर्षांपुढील’ असं छापलं की कारखानदाराचा हात पुष्कळ मोकळा होतो.

हा फरक शेजारी शेजारी ठेवून पाहायचा असेल तर जर्मनीतल्या ल्यूडेनशाइडचं झीपर घराणं घ्या. त्यांचा सीकू हा ब्रँड मुलांचा. १९८४ साली त्यांनी वीकिंग हे प्रतिकृतींचं जुनं नाव विकत घेतलं, आणि ते संग्राहकांसाठी राखलं. आज एकाच मालकाच्या दोन ब्रँडांखाली १:३२ मापाचे ट्रॅक्टर निघतात. सीकूच्या खोक्यावर वय तीनपासून पुढे, वीकिंगच्या खोक्यावर चौदापासून. वीकिंगमध्ये बॉनेट उघडलं की इंजिनाचे नळ दिसतात, केबिनचं दार बारीक बिजागरीवर फिरतं. सीकूत कामापुरतं सगळं असतं आणि ते आपटलं तरी टिकतं. एकाच वस्तूने दोघांचं समाधान करायचा हट्ट सोडून त्यांनी वाटणी करून टाकली. व्यवहाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, पण मला ही वाटणी पुरती पटत नाही. ‘खेळता येणं’ आणि ‘खरं असणं’ ही दोन टोकं आहेत, असं ती आधीच गृहीत धरते. ट्रॅक्टरच्या बाबतीत ते गृहीतक चुकीचं आहे.

ट्रॅक्टर मुळात ओढण्याचं यंत्र आहे. मागे काही जोडलेलं नसेल तर त्याला शेतात काम नाही. हॅरी फर्ग्युसनने थ्री पॉइंट लिंकेज आणलं तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे फरफटत येण्याऐवजी त्याच्या अंगाचाच भाग झाला. नांगराची ओढ मागच्या चाकांवर दाब वाढवू लागली, पकड सुधारली, हलक्या ट्रॅक्टरला जड काम जमू लागलं. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ पासून निघालेला त्याचा करडा टीई-२० याच रचनेमुळे गाजला, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्याचं नाव मॅसी फर्ग्युसनमुळे तोंडपाठ आहे. आता टीई-२० ची प्रतिकृती करायची, रंगाची छटा अचूक साधायची, बिल्ल्यावरची अक्षरं भिंगातून वाचता येतील अशी छापायची, आणि मागचे तीन हात मात्र ठोकळ्यासारखे घट्ट ओतून टाकायचे! त्या ट्रॅक्टरचं सगळं म्हणणं ज्या भागात होतं तोच गप्प केला.

उलट एक साधं, स्वस्त १:३२ चं खेळणं हातात घेऊन पाहा. मागचे दोन खालचे हात किंचित लवचीक प्लास्टिकचे असतात. नांगराच्या दोन्ही बाजूंना बारीक खुंट्या असतात. अंगठ्याने हात जरा फाकवले, खुंटीवर आणले आणि सोडले की टचकन बसतात. नांगर उचलला जातो, खाली सोडला जातो, ट्रॅक्टर वळला की मागोमाग वळतो. हात मापापेक्षा जाड आहेत, खुंट्या तर फारच जाड. पण बांधावर ट्रॅक्टर वळवताना शेतकरी जो क्रम करतो, अवजार उचल, वळ, पुन्हा टेकव, तो क्रम या जाडजूड हातांनी जसाच्या तसा करता येतो. माझ्या मते हाही खरेपणाच, आणि आरशाच्या बारीक दांडीपेक्षा वरच्या दर्जाचा.

न्यूर्नबर्गजवळच्या फ्यूर्टची ब्रूडर ही कंपनी या बाबतीत मला सर्वांत जास्त आवडते. माप १:१६, सगळा कारभार एबीएस प्लास्टिकचा, धातूच्या वजनाचा बडेजाव नाही. तिच्या बऱ्याच ट्रॅक्टरांच्या छताला एक भोक असतं. सोबत एक लांब दांडी मिळते. ती भोकातून खाली स्टिअरिंगवर बसवायची, म्हणजे मुलाला उभ्यानेच पुढची चाकं वळवता येतात. छतातून वर आलेली दांडी कोणत्याही खऱ्या ट्रॅक्टरला नसते. संग्राहक ती पाहून डोळे मिटतो. पण दांडी काढली, झाकण लावलं की छत पूर्ववत. खेळाची सोय पाहुण्यासारखी येते आणि जाते, ट्रॅक्टरच्या रूपावर तिचा डाग राहत नाही. शिवाय पुढचा आस मध्यावर झुलतो, एक चाक पुस्तकावर चढवलं तरी दुसरं जमिनीला टेकून राहतं. खरा ट्रॅक्टर ढेकळांतून जाताना नेमकं हेच करतो. खेळायची गंमत आणि यंत्राचं सत्य इथे एकाच खिळ्यावर फिरतात.

१:६४ मध्ये मात्र हे सगळं कोलमडतं, हे कबूल करायला हवं. ३० मिलिमीटरची पिन तिथे अर्ध्या मिलिमीटरची होते. ती मुलाच्या बोटांत धरता येत नाही आणि हरवली तर सापडत नाही. म्हणून कारखाना फुगवलेला हुक देतो आणि हौशी मंडळी तो कापून तिथे तारेचा बारीक हुक बसवतात. या मापात मी त्यांच्या बाजूने आहे, कारण त्यांचे ट्रॅक्टर मुख्यतः शेताच्या मांडणीत उभे राहायचे असतात.

आपल्या विदर्भातल्या तान्ह्या पोळ्यात हाच प्रश्न फार जुन्या रीतीने सुटलेला आहे. लाकडी नंदीच्या पायांखाली चाकं असतात. चाकांचा बैल कुणी पाहिलेला नाही, पण पोराला तो दोरीने ओढत दारोदार न्यायचा असतो, म्हणून चाकं हवीतच. वरची शिंगं, वशिंड, झूल आणि घुंगरं मात्र बारकाईने केली जातात, कारण लोक ती निरखून पाहतात. चालण्याची सोय खाली आणि देखणेपण वर, अशी वाटणी नागपूरच्या सुताराने एकाच बैलात बसवली.

जुन्या खेळण्यांच्या दुरुस्तीचा अमेरिकेत वेगळा धंदा चालतो, आणि त्यातल्या सुट्या भागांच्या यादीकडे कारखान्यांनी नीट पाहावं असं मला वाटतं. सगळ्यात जास्त मागणी कशाला? स्टिअरिंगचं चाक, सायलेन्सर, पुढची चाकं, स्टिकर. तीस-चाळीस वर्षांपूर्वी मुलांनी काय मोडलं याची ही आयती नोंद आहे. जे भाग मोडले ते बहुधा मुलाने सगळ्यात जास्त हाताळले. तेच मजबूत हवेत आणि तेच नेटकेही हवेत. अर्टलने १९९० च्या दशकात ‘प्रिसिजन’ मालिका काढली तेव्हा इंजिनाच्या बारीक तारांपर्यंत काम केलं, आणि त्या वस्तू सरळ मोठ्यांसाठी म्हणून विकल्या. पुढे मुलांसाठी दिवे लागणारे, आवाज करणारे १:१६ चे प्लास्टिकचे ट्रॅक्टर वेगळे आले. दिवे-आवाजांबद्दल मला फारसं कौतुक नाही. इंजिनाचा आवाज मूल तोंडाने काढतं, आणि चढावर गियर बदलला की तो आवाज ते अचूक बदलतं. बटणातल्या चिपला चढ कळत नाही.

तेव्हा घरात मूल असेल आणि स्वतःलाही हौस असेल, तर दुकानात ट्रॅक्टर समोरून पाहू नका. तो उलटा करून मागून पाहा. खालचे हात वर-खाली होतात का, पुढचा आस झुलतो का, चाकं वळली की मडगार्डला घासतात का, आणि त्याच कंपनीचं अवजार दोन बोटांनी जोडता येतं का, एवढं तपासा. आरसा नंतर तारेचा लावता येतो. घट्ट ओतलेला हुक मागाहून सोडवता येत नाही.

पुढच्या भागात : कपाटात न हलवता ठेवलेल्या जुन्या जस्ताच्या खेळण्यांना आपोआप तडे का जातात, आणि धातूत राहून गेलेलं अगदी थोडं शिसं त्याला कसं कारण ठरतं.