पाळणाघरातील जीवाणू आणि प्रतिजैविके

लहान मुलांच्या नाकात व घशात न्यूमोकॉकस नावाचे जीवाणू पुष्कळदा वस्ती करून असतात. बहुतेक मुलांना त्यांचा काही उपद्रव होत नाही. तथापि हेच जीवाणू मध्यकर्णात शिरले तर कान फुटतो, फुप्फुसांत उतरले तर न्यूमोनिया होतो आणि क्वचित मेंदूच्या आवरणांचा प्राणघातक दाहही उद्भवतो. पाळणाघरात मुले दिवसभर एकत्र असतात, एकमेकांची खेळणी तोंडात घालतात, एकमेकांच्या अंगावर शिंकतात. साहजिकच एकाच्या नाकातील जीवाणू लवकरच इतरांच्याही नाकात जाऊन पोहोचतात.

अशा मुलांना प्रतिजैविकेही वारंवार दिली जातात. औषधाला बळी पडणारे जीवाणू त्यामुळे मरतात. परंतु त्याला दाद न देणारे जे थोडे असतात, त्यांना मोकळे रान मिळते. पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटून जीवाणूच्या भित्तिकेची बांधणी थांबवते, त्या प्रथिनांची घडणच अशा न्यूमोकॉकसमध्ये बदललेली असते.

आइसलँडमध्ये याचा प्रत्यय आला. तेथे पाळणाघरात जाणाऱ्या मुलांचे प्रमाण मोठे आहे. पेनिसिलिनला न जुमानणारा न्यूमोकॉकस त्या देशात १९८८ च्या अखेरीस प्रथम आढळला. १९९३ पर्यंत संसर्ग झालेल्या रुग्णांमध्ये सापडणाऱ्या न्यूमोकॉकसपैकी सुमारे २० टक्के तशा प्रकारचे होते. त्यांपैकी बहुतेक जीवाणू स्पेनमध्ये पूर्वीच आढळलेल्या एकाच वाणाचे होते. डॉक्टरांना व पालकांना सावध करण्यात आले, मुलांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचे प्रमाण घटले आणि पुढील काही वर्षांत प्रतिरोधी जीवाणूंचे प्रमाणही उतरले. २०११ मध्ये तेथे बालकांना न्यूमोकॉकसविरोधी लस देण्यास प्रारंभ झाला. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली.

याचा अर्थ औषध टाळावे असा मुळीच नव्हे. जीवाणूजन्य न्यूमोनियात प्रतिजैविक वेळेवर न मिळाल्यास बालक दगावू शकते. परंतु सर्दीपडसे विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीच परिणाम होत नाही. अशा वेळी दिलेले औषध त्या मुलाच्या उपयोगी पडत नाही. उलट, त्याच्या शेजारी खेळणाऱ्या दुसऱ्या मुलाला उद्या खरोखर गरज भासेल तेव्हा तेच औषध निष्प्रभ ठरण्याचा संभव मात्र वाढतो.